सुरंगबेटाचा पाळणा

सुरंगबेट रिकामं करावं की नाही, यावर हात वर करून मत द्यायचं होतं. रिकामं करावं म्हणणाऱ्यांत सगळ्यात आधी हात वर गेला तो कुंदा खोबरेकरचा. मागच्या बाकावर बसलेली तिची धाकटी बहीण हेमांगी त्या हाताकडे बघतच राहिली.

सभा भरली होती ती बंद पडलेल्या शाळेच्या वर्गात. पुनर्वसनाचे अधिकारी सौम्य बोलत होते. किनाऱ्यावर प्रत्येक कुटुंबाला पक्कं घर मिळेल, जवळ दवाखाना असेल, मुलांना शाळा असेल. कोणावर जबरदस्ती नाही. अंतिम ठराव दिवाळीनंतरच्या सभेत होईल, तोवर विचार करा. त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडायला हेमांगीला जागा सापडत नव्हती.

बेट किनाऱ्यापासून होडीने तासाभराच्या वाटेवर. माडांची दाटी, डोंगरउतारावर सुरंगीची झाडं, गोड्या पाण्याच्या दोन विहिरी आणि चहूबाजूंनी काळा कातळ. वाळूची पुळण कुठेच नाही. दोनदा बांधलेला धक्का दोन्ही वेळा पावसाळ्यातल्या लाटांनी फोडून टाकलेला. बेटावर उतरायचं म्हणजे होडी कातळाजवळ धरायची आणि लाटेने ती वर उचलली की नेमक्या क्षणी उडी घ्यायची. बेटावरची माणसं लहानपणापासून ही उडी घेत आलेली.

मधली काही वर्षं पाहुणे येऊ लागले होते. कुंदाने घरातल्या दोन खोल्या त्यांच्यासाठी काढल्या, तिचं बघून इतरांनीही काढल्या. तिच्या हातच्या तिरफळाच्या सारासाठी लोक परत परत यायचे. मुंबईला गेलेली काही तरुण मुलं त्या भरवशावर परत आली. मग एका हिवाळ्यात उतरताना एका बाईंचा पाय होडी आणि कातळाच्या मधे सापडला. पाय वाचला, पण बेटावर प्रवासी उतरवायला बंदी आली. पाहुणे थांबले, तशी तरुण जोडपी पुन्हा निघून गेली. त्यांच्याबरोबर मुलं गेली आणि शाळेला कुलूप लागलं.

सभा संपल्यावर हेमांगी बहिणीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. कुंदा तांबोशी साफ करायला बसली होती.

"ताई, हात कित्याक वर केलंस?"

कुंदाने मान वर केली नाही. "दमलंय मी, हेमा."

"हंय आपला घर असा. बाबांनी लावलेले माड असत."

"असत. पण तू थंय कोल्हापुराक ऱ्हवतंस आणि माका हंय ऱ्हवाक सांगतंस. पावसात चार महिने कोण आजारी पडला तर काय करूचा, ता तुका ठाऊक नाय. तू गेलंस तेव्हा लहान होतंस."

हेमांगी बारावीनंतर शिकायला गेली ती गेलीच. यंत्र अभियांत्रिकी झाली, कोल्हापुराजवळच्या शिरोलीतल्या एका गिअर कारखान्यात लागली आणि आता तिथल्या रचना विभागाची प्रमुख होती. वर्षातून दोनदा यायची, माडाच्या सावलीत झोपायची, परत जायची.

ती कुंदाशेजारी पाटावर बसली. माशाच्या अंगावरून तिने डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवलं. बोट गुळगुळीत सरकलं. मग उलटं फिरवलं तर खवल्यांत अडकलं.

"माझ्याकडे एक यंत्र असा," ती म्हणाली. "ह्या माशासारखा. एका बाजूक सरकता, दुसऱ्या बाजूक सरकत नाय."

"यंत्रान काय होतला?"

"होडी माणसांसकट पाण्यातून वर उचलतला."

कुंदाने सुरी थांबवून पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा खवले काढायला लागली.

हेमांगी सांगत होती ते यंत्र नवं नव्हतं, त्यातली एकच गोष्ट नवी होती. वर्म गिअर म्हणजे एक मळसूत्र आणि त्याच्या पेडांत दात अडकवून बसलेलं एक चाक. मळसूत्र बरेच वेढे फिरलं की चाक जेमतेम एक फेरा घेतं. त्यामुळे छोट्या मोटारीनेही प्रचंड वजन उचलता येतं. शिवाय मळसूत्राचे पेड पुरेसे आडवे कापले तर वजन कितीही असो, ते चाकाला उलटं फिरवू शकत नाही. मोटार बंद पडली तरी वजन जिथल्या तिथे राहतं. पण याची किंमत मोजावी लागते. या जोडीत दात दातांवर घासत सरकतात, आणि घासण्यात शक्ती जाते. जुना नियमच होता की जे वर्म गिअर स्वतःला धरून ठेवतं, ते दिलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून जास्त उष्णतेत घालवतं. धरून ठेवणं हवं तर उधळपट्टी सोसा, काटकसर हवी तर धरून ठेवणं विसरा.

हेमांगीला हा नियम मोडायचा नव्हता, फक्त चांगल्यात चांगलं गिअर शोधायचं होतं. संगणकाला ती दातांचा कोन, जाडी, चाकाचा धातू बदलू द्यायची. त्यातून हजारो गिअरं तयार व्हायची, चांगली निवडायची, त्यांच्यातून पुढची पिढी काढायची, शेतकरी बियाणं निवडतो तसं. प्रत्येक वेळी शोध त्याच निम्म्याच्या भिंतीपाशी येऊन थांबायचा. मग तिच्या लक्षात आलं की त्या नियमात एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरली आहे. घर्षण दोन्ही दिशांना सारखंच असतं, ही. तिने संगणकाला दातांचा पृष्ठभागसुद्धा बदलायची मोकळीक दिली. काही आठवड्यांनी जे निघालं ते पाहून ती खुर्चीतून उठून उभी राहिली. दातांवर केसाहून बारीक, एका बाजूला कललेले खवले आले होते. चाक पुढे फिरलं की खवले तेल आत ओढून घेत आणि दात तेलावर तरंगत जात. मागे फिरू लागलं की तेच खवले तेल बाहेर ढकलत आणि धातू धातूला घट्ट धरत असे. लेझरने तसे खवले कोरून तिने गिअर बनवलं. ते फार थोडी शक्ती वाया घालवत होतं आणि तसूभरही मागे येत नव्हतं.

कारखान्याचे मालक भूपाल आरवाडे यांनी ते गिअर स्वतः तपासलं होतं. वय झालं तरी ते रोज यंत्रांच्या खोलीत चक्कर टाकत. बेटावरून परतल्यावर हेमांगी सरळ त्यांच्याकडे गेली.

"साहेब, आपल्याला हे गिअर कुठेतरी मोठ्या कामावर लावून दाखवायचंच आहे. माझ्या गावाला लावू या."

तिने कागदावर काढून दाखवलं. कातळातल्या एका घळीत चार खांब. खांबांना धरून वरखाली होणारा एक पाळणा. पाळणा पाण्याखाली उतरेल, होडी तरंगत त्याच्यावर येईल, पाळणा तिला माणसांसकट उचलेल आणि कातळाच्या माथ्याला लावेल. भरती असो, ओहोटी असो, माणसं घरच्या ओटीवरून उतरावीत तशी उतरतील. जुन्या गिअरने हे करायचं तर बेटावरच्या सौर पट्ट्यांची वीज सकाळीच संपली असती. नव्याने दिवसभर पुरणार होती.

"आणि समुद्रात पडलं तर?" आरवाड्यांनी विचारलं.

"तर सगळ्यांना कळेल की ते पडतं."

आरवाडे हसले. "हे बाकी खरं बोललीस पोरी. लाव."

मे महिन्यात पाळणा उभा राहिला. त्याच्या तपासणीसाठी सागरी सुरक्षेच्या अभियंता रुखसार मुकादम आल्या. बाणकोटच्या खाडीकाठच्या, बारीक अंगाच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या मंजुरीशिवाय एकही प्रवासी त्या पाळण्यात बसणार नव्हता. वाळूच्या पोत्यांनी भरलेली होडी पाळण्याने अलगद उचलली तेव्हा कातळावर जमलेल्या बेटकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुकादमबाईंनी पाळणा अर्ध्यावर थांबवायला सांगितला, वीज तोडायला लावली आणि खांबावर खडूने रेघ मारून त्या खुर्ची घेऊन बसल्या.

दुपारी वारा वाढला. लाटा घळीत शिरून पाळण्याच्या बुडावर थपडा मारू लागल्या. प्रत्येक थपडेबरोबर चारही खांब थरथरत. मुकादमबाई उठून खांबापाशी गेल्या आणि त्यांनी हेमांगीला बोलावलं. पाळणा रेघेच्या चार बोटं खाली आला होता.

"पडला नाही, मला दिसतंय ते," त्या म्हणाल्या. "पण घसरतोय. घसरणाऱ्या पाळण्यात मी माणसं बसवू शकत नाही."

"मला पावसाळ्यानंतर आणखी एक संधी द्या."

"पावसाळ्यानंतर समुद्र शांत असतो. शांत समुद्रात काहीही चालेल. मी गणपती झाले की येते, उधाणाच्या दिवसांत."

चूक काय झाली हे हेमांगीला त्याच संध्याकाळी समजलं. कारखान्यातल्या टेबलावर गिअर स्थिर होतं. इथे ते सतत हादरत होतं, आणि प्रत्येक हादऱ्याला खवल्यांची पकड क्षणभर सुटत होती. संगणकाने टेबलासाठी सर्वोत्तम दात शोधले होते. समुद्राची त्याला ओळखच नव्हती.

ती ओळख करून द्यायला एकच वाट होती. तिने आरवाड्यांना फोन लावला. "साहेब, मी पावसाळाभर इथेच राहते. खांबांना कंपनमापक लावून लाटांचे हादरे नोंदवायचे आहेत. एकदा समुद्र खवळला की येणंजाणं बंद, त्यामुळे मधे येता येणार नाही."

फोन ठेवून ती वळली तर कुंदा दारात उभी होती.

"पावसात ऱ्हवतलंस?" कुंदाने विचारलं.

"होय."

"तांदूळ वाढवक होये मग," एवढंच म्हणून कुंदा आत गेली.

तो पावसाळा हेमांगीने मोठेपणी पहिल्यांदाच बेटावर काढला. वारा कौलं उचलायचा, वीज दिवसचे दिवस नसायची, भाजी संपली की सुकी मासळी आणि कुळथाची पिठी. आषाढात कुंदाचे यजमान रत्नाकर तापाने फणफणले. अशा लाटांत कातळावरून होडीत चढणं अशक्य होतं आणि घसरणाऱ्या पाळण्यावर भरवसा नव्हता. दोघी बहिणींनी आळीपाळीने त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, डॉक्टर फोनवरून सांगतील तशी घरातली औषधं दिली. ताप उतरला त्या सकाळी हेमांगी ओसरीवर येऊन बसली.

"आता कळला?" कुंदाने विचारलं. आवाजात टोचणी नव्हती.

"कळला ताई. सभेत तू हात वर केलंस, त्यात तुझा काय चुकला नाय."

कुंदा तिच्या शेजारी बसली. त्यानंतर यंत्राबद्दल ती आपणहून विचारू लागली.

हादऱ्यांच्या नोंदी शिरोलीच्या संगणकाकडे जात होत्या. आता प्रत्येक पिढीतलं गिअर संगणक त्या खऱ्या लाटांखाली तपासत होता. श्रावण लागता लागता उत्तर आलं आणि ते दिसायला ओबडधोबड होतं. आधीचे खवले शिस्तीत, सगळे एका मापाचे होते. एक हादरा एका खवल्याला सोडवायचा तोच सगळ्यांना सोडवायचा. नव्या दातांवर लहानमोठे खवले वेड्यावाकड्या अंतरावर होते. कोणत्याही हादऱ्याला काही सुटायचे, पण बाकीचे धरून राहायचे. आरवाड्यांनी ती गिअरं तातडीने कोरून घेतली आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्राने पहिली उघडीप दिली तेव्हा रत्नाकर ती होडीतून घेऊन आले.

त्याच होडीतून निरंजन दाभाडे नावाचा एक तरुणही आला. एका मोठ्या पर्यटन कंपनीचा माणूस. त्याने ग्रामसभेपुढे प्रस्ताव ठेवला. पाळण्यासह सगळी सोय कंपनी पाहील. डोंगरावर हॉटेल होईल, बेटावरच्या प्रत्येक घरातल्या एकाला नोकरी मिळेल. बदल्यात बेटावर प्रवासी उतरवण्याचा हक्क फक्त कंपनीचा. आणि होकार तपासणीच्या आधी हवा.

"तपासणीनंतर का नको?" कोणीतरी विचारलं.

"तपासणीत पाळणा नापास झाला तर तुम्हाला बेट सोडावं लागेल," निरंजन म्हणाला. "मी तुम्हाला खात्री देतोय. हेमांगीताईंकडे खात्री नाही."

सगळे हेमांगीकडे वळले. ती उभी राहिली. "ते बरोबर बोलतायत. गिअर टिकेल असं मला वाटतं. पण मेमध्येही मला तसंच वाटलं होतं."

वर्गात कुजबुज सुरू झाली. मग कुंदा उठली. बेट सोडायला सगळ्यात आधी हात वर करणारी ती, त्यामुळे आता ती काय बोलेल याचा अंदाज निरंजनसकट सगळ्यांनीच बांधला होता.

"दाभाडे, तुमच्या हॉटेलात किती माणसं उतरणार?" तिने विचारलं.

"सुरुवातीला शंभरेक खोल्या."

"आमच्या विहिरी दोन. वैशाखात आम्ही स्वतः पाणी पुरवून वापरतो. त्या शंभर खोल्यांना पाणी कुठलं?"

"समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प पुढच्या टप्प्यात आहे."

"म्हणजे पहिल्या टप्प्यात आमच्या विहिरीचं. आणि पाहुणे तुमचे, जेवण तुमचं, आम्ही खोल्या झाडायला." कुंदा लोकांकडे वळली. "मला इथून जायचं होतं, ते मी लपवलं नाही. इथे माणूस अडकून पडतो म्हणून जायचं होतं. पण राहायचं असेल तर घरची मालकीण म्हणून राहीन. पाहुणे येतील ते आमच्या घरी उतरतील, आणि विहिरींना झेपतील तेवढेच येतील. पाळणा पास झाला तर हे आम्हीच ठरवू. नापास झाला तर मी माझं सामान बांधीन. पण हा हक्क मी विकणार नाही."

मतं घेतली. बहुतेकांनी कुंदाच्या बाजूने हात वर केले. निरंजनने तरुण वयाला न शोभणाऱ्या शांतपणाने कागद गुंडाळले आणि तो निघून गेला. घरी जाताना हेमांगी म्हणाली, "ताई, नापास झाला तर?"

"तर जाऊ. तू मात्र नीट कर."

गणपती झाले आणि भाद्रपदातल्या उधाणाच्या दिवशी मुकादमबाई आल्या. लाटा मे महिन्यापेक्षा मोठ्या होत्या. पाळण्याने पाण्याच्या पिंपांनी भरलेली होडी उचलली, त्याला अर्ध्यावर थांबवून वीज तोडली गेली. खांबावर खडूची रेघ मारली गेली. लाटा बुडावर आदळत राहिल्या, खांब थरथरत राहिले. भरती पूर्ण चढून ओसरू लागेपर्यंत सगळे कातळावर बसून होते. मुकादमबाईंनी वाकून रेघ पाहिली, बोटाने चाचपली, भिंग लावून पुन्हा पाहिली.

"हललेला नाही," त्या म्हणाल्या.

कोणी आनंद करायच्या आत त्यांनी हात वर केला. "आता माणसांसकट. मी बसते होडीत. होडी कोण चालवेल?"

"मी," रत्नाकर म्हणाले.

"आणखी वजन हवं. कोणी स्वखुशीने येणार असेल तर."

कुंदाने पदर खोचला आणि ती होडीकडे निघाली. हेमांगीने तिचा हात धरला. "ताई, तू नको."

"कित्याक? तुझा यंत्र असा ना?"

कुंदा गेली तसे आणखी काही जण गेले. होडी घळीबाहेर गेली, वळली आणि लाटेवर डोलत पाळण्यावर आली. हेमांगीने कळ दाबली. मोटारींचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. होडीचं बूड पाण्याबाहेर आलं, पाणी निथळलं, आणि होडी वर येऊ लागली. अर्ध्यावर मुकादमबाईंचा आवाज वायरलेसवर आला.

"थांबवा. आता वीज तोडा."

हेमांगीचा हात मुख्य खटक्यावर होता, पण तो ओढवेना. पिंपं भरलेली होडी वेगळी होती. आता खाली खदखदणारं पाणी होतं आणि वर तिची बहीण. टेबलावरचे आकडे, पावसाळाभरच्या नोंदी, सगळं तिला माहीत होतं, आणि त्या क्षणी त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

कुंदाने होडीच्या काठावरून तिच्याकडे पाहिलं.

"तोड गो," ती म्हणाली.

हेमांगीने खटका ओढला. मोटारी थांबल्या. एक मोठी लाट घळीत घुसली आणि पाळण्याच्या बुडावर फुटली. फेसाचा फवारा होडीतल्यांच्या अंगावर गेला. पाळणा कंप पावला आणि जागच्या जागी राहिला. दुसरी लाट आली, तिसरी आली. कुंदा काठाला धरून ओलीचिंब उभी होती आणि हसत होती.

बऱ्याच वेळाने वायरलेस खरखरला. "वीज जोडा. आम्हाला वर घ्या."

पाळणा कातळाच्या माथ्याला लागला. रत्नाकरांनी हात पुढे केला, पण मुकादमबाईंनी तो घेतला नाही. ओटीवरून अंगणात उतरावं तशा त्या होडीतून कातळावर उतरल्या, ओल्या दुपट्ट्याने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मंजूर."

मग कातळावर जो गलका झाला त्यात हेमांगीला रडू फुटलेलं कोणाच्या लक्षात आलं नाही. कुंदाच्या आलं. तिने ओल्या अंगानेच बहिणीला जवळ घेतलं.

दिवाळीनंतरच्या सभेत पुनर्वसनाच्या बाजूने एकही हात वर झाला नाही. ग्रामसभेने विहिरींच्या पाण्यावरून पाहुण्यांचा आकडा ठरवला आणि पाळण्याच्या फेऱ्या त्या आकड्याला बांधल्या. मुंबईहून परतलेली तीन जोडपी पाळणा चालवायला शिकली, आणि त्यांच्या मुलांसाठी शाळेचं कुलूप निघालं. शिरोलीत आरवाड्यांनी नवी शेड घातली. ते खवल्यांचं गिअर इस्पितळांच्या लिफ्टमध्ये, डोंगरावरच्या गावांच्या पाळण्यांत, दूरच्या बेटांच्या धक्क्यांवर जाऊ लागलं. हेमांगी आता निम्मं वर्ष कारखान्यात आणि निम्मं बेटावर असायची, आणि पावसाळा ती न चुकता बेटावर काढायची. खवळलेल्या समुद्रातही आता आजारी माणसाला होडीत बसवून सुखरूप पाण्यात उतरवता येत होतं, तरी ती सवय तिने सोडली नाही.

सुरंगी फुलली त्या आठवड्यात ती कोल्हापूरहून आली. तिच्या होडीत नागपूरचं एक कुटुंब होतं, त्यात समुद्र पहिल्यांदाच पाहणाऱ्या, काठी टेकत चालणाऱ्या एक आजीबाई होत्या. पाळणा वर आला. आजीबाई कातळावर उतरल्या आणि वास कशाचा येतोय म्हणून विचारू लागल्या. कुंदाने त्यांच्या हातात सुरंगीच्या फुलांचा गुंफलेला वळेसर दिला, त्यांचं सामान एका तरुणाकडे सोपवलं आणि मग बहिणीकडे वळली.

"कधी इलंस?"

"आता, ह्यांच्यावांगडाच. माझी खोली झाडलंस काय?"

"तुझी खोली पावण्यांका दिली," कुंदा म्हणाली. "घर भरला असा. तू माझ्यावांगडा झोप."

आणि आजीबाईंना हात देऊन ती चढ चढू लागली. हेमांगीने आपली पिशवी उचलली आणि दोघींच्या मागोमाग घराकडे निघाली.